मूळव्याध, भाग दोन

सुगंधा सिस्टरनी मला राहायला खोली दिली, कामाला लावलं आणि एकदा भर हळदीकुंकवात माझ्यावर येणारं बालंट स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकून तुम्ही या बाईबद्दल मनात भलतंच काहीतरी धराल. मीपण धरलं होतं.

सिस्टर घाणेरडे पिक्चर बघायच्या.

चोरून नव्हे हो! दुपारी तीन वाजता, खिडक्या सताड उघड्या टाकून, मांडीवर तांदूळ निवडायचं सूप घेऊन. पन्नाशीची बाई, कडक इस्त्रीची पांढरी साडी, सकाळी उठून बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना म्हणणारी, मुरगूडच्या साध्या घरातून शिकून वर आलेली. आणि पिक्चर कुठले, तर फिलिपिन्सचे. तो देश कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझी शाळा सातवीनंतर सुटली. भूगोलात आम्ही आमच्या भागातल्या तलावांपर्यंत पोचलो होतो, समुद्र यायचा होता.

मी गोंदियाकडची. नवरा कोल्हापुरात फाउंड्रीत लागला म्हणून त्याच्या मागं आले. वर्षाच्या आत तो "पुण्याला जाऊन येतो" म्हणून गेला, तो गेलाच. माहेरी भावजयीनं घर लहान असल्याचं कळवून टाकलं. म्हणजे कोल्हापुरात काम आणि छप्पर मिळालं तर ठीक, नाहीतर मला जायला जागाच नव्हती. त्या दिवसांत शाहूपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये मावशी पाहिजेत असं कळलं. दवाखान्यात वरकाम करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. चोवीस वर्षांची मी सत्तरीच्या आजोबांची मावशी व्हायला गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे सुगंधा सिस्टर.

"शिकलीस किती?"

"सातवी."

"रक्त बघून चक्कर येती?"

"माहीत नाही जी."

"आली तर येऊ दे. पडलीस तर पलंग जवळच हाय. ऱ्हायाला कुठं हाईस?"

यावर मला रडू फुटलं.

"आय नाकू! रडायलीस कशाला? जागा इचारली, किडनी मागितली न्हाई. माझ्या घरामागं खोली मोकळी हाय. दुपारी ये. दोनला मी येतो घरी."

"मी येतो" ऐकून मी मागं वळून बघितलं, कुणी पुरुष बोलला का म्हणून. मागं कुणी नव्हतं. इथल्या बायका सगळ्या अशाच बोलतात हे मला पुढं कळलं. "आय नाकू" मात्र इथलं नव्हतं. गल्लीतले लोक ते कानडी समजायचे आणि कानडी लोक ते कोकणी समजायचे. ते फिलिपिन्सचं होतं. आपण "आत्ता गं बया" म्हणतो तसं.

सिस्टरनी गल्फमधल्या एका इस्पितळात चौदा वर्षं नोकरी केली होती. तिथल्या खोलीत त्यांच्यासोबत लुझी नावाची फिलिपिन्सची नर्स होती. लुझीचा भाऊ जहाजावर. तो बिस्किटांच्या डब्यातून त्यांच्याकडच्या पिक्चरच्या कॅसेटी आणून द्यायचा. चांगल्या पिक्चरच्या कॅसेटी महाग, म्हणून तो स्वस्तातल्या आणायचा, आणि स्वस्तातल्या म्हणजे तसल्या. दोघीजणी दाराच्या फटीत टॉवेल कोंबून त्या बघायच्या. नोकरी सोडून येताना सिस्टरनी ती सगळी पेटी सोबत आणली. विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून प्रत्येक कॅसेटवर इंग्रजीत ऑपरेशनची नावं घातली. हर्निया. मोतीबिंदू. नॉर्मल डिलिव्हरी.

"मग? सापडल्या नाही का जी?" मी विचारलं.

"साहेबानं नेमकी एक उचलली. मूळव्याध, भाग दोन. मला म्हणतो, हे काय? मी म्हटलो, दाखवतो की, भाग एक बघितल्याबिगर समजायचं न्हाई. त्यानं ती दोन बोटांत धरून परत पेटीत टाकली आणि हात धुवायला गेला."

कामाला लागल्यावर तिसऱ्याच दुपारी मी त्यांच्याकडं चहाला गेले, तर टीव्हीवर एक पोरगी. अंगावर पातळ पांढरा झगा, आणि ती नदीत उतरते, वर येते, पुन्हा उतरते. झगा असून नसल्यासारखा. मी हातातली कपबशी खाली ठेवली. मी डोळे मिटले. मग एक उघडला.

"डोळं कशाला मिटायलीस? अंगच हाय की ते. आपण सकाळपासनं वॉर्डात काय बटाटं पुसलं व्हय?"

"पण सिस्टर, असलं..."

"असलं न्हाई, ओलं. बस. सांगतो."

आणि त्या दुपारी एका सातवी पास बाईला कोल्हापुरात बसून फिलिपिन्सच्या उघड्यावागड्या सिनेमाचा इतिहास ऐकायला मिळाला. आधी म्हणे तिथं सरळच कपडे काढायचे. थेटरं भरून वाहायची. मग देशात लष्करी कायदा आला.

"सरकार म्हटलं, कपडं काढायचं न्हाई. बरं, ऱ्हाऊ देत अंगावर! मग पोरींना पाण्यात ढकलाय लागले. नदीत, समुद्रात, न्हाईच काय तर विहिरीवर. गोष्ट कुठलीबी असू दे, हिरॉईन भिजलीच पायजे. कायदा मोडला का? न्हाई. पोरगी झाकली का? न्हाई. आणि हिच्याकडं बघ, हातावर काटा आलाय. थंडी वाजायल्या बिचारीला. निमोनिया झाल्यावर डायरेक्टर येणार हाय व्हय शेकाय?"

मला दिसत होतं ते एक आणि सिस्टरना दिसत होतं ते दुसरंच. एखादी नटी मादक का काय म्हणतात तसं बघायला लागली की सिस्टर सुपातून मान वर करून म्हणायच्या, "पापणी पांढरी पडल्या. रक्त न्हाई अंगात." एकीच्या पोटावरचा वळ बघून म्हणाल्या, "अपेंडिक्स. टाका घाईत घातलाय." नायकांवर तर त्यांचा राग. "छाती बघ केवढी, आणि उभा कसा ऱ्हातोय बघ. ह्येच्या कमरेचं काय खरं न्हाई."

पुढचा काळ सांगताना मात्र त्या सूप बाजूला ठेवायच्या. त्याच राज्यकर्त्यांनी मग उलटी उडी मारली. एक मोठं थेटर बांधलं होतं, तिथं कात्री न लावता असले पिक्चर लावायला परवानगी दिली. "लुझी म्हणायची, पोट रिकामं असलं की लोक वर बघाय लागत्यात. त्येनी वर बघू ने म्हणून सरकारनं समोर पडदा धरला." खेड्यातल्या गरीब पोरी आणायच्या आणि त्यांना नावं द्यायची थंडगार बाटल्यांची. सरबतांची, दारूची.

"बाटलीचं नाव?" मला खरंच वाटेना. "माणसाच्या पोरीला?"

"व्हय. म्हंजे पिऊन झाली की ठेव बाजूला."

मी आधी पिक्चरनं हादरले होते, त्या दिवशी या गोष्टीनं हादरले. घरी जाऊन जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी दारातूनच विचारलं, "कुमाइन का ना?" म्हणजे जेवलीस का. ते लोक म्हणे भेटल्यावर रामराम न घालता हेच विचारतात. रोज विचारायच्या. माझ्याकडं उत्तर मराठीतच असायचं.

आता हळदीकुंकवाचं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी धरते. सिस्टरनी त्यावर नर्सबाईला सुचेल असाच उपाय काढला होता. नर्सिंग होमच्या एक्स-रेच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं, तिथल्या कपाटात त्या जूनमध्ये कॅसेटी ठेवायच्या आणि पाऊस सरला की घरी न्यायच्या. त्या वर्षी न्यायच्या राहिल्या. संक्रांतीत डॉक्टरसाहेबांच्या मॅडमनी नर्सिंग होमच्या हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बायका, मॅडमच्या सासरच्या बायका, एक नगरसेविकाबाई. वाण म्हणून साबणाच्या डब्या. आणि सोबत आरोग्याची माहिती म्हणून एक पिक्चर दाखवायचा बेत. औषध कंपनीनं दिलेली कॅसेट ऐनवेळी मशीनमध्ये अडकून फाटली. मॅडम एक्स-रेच्या खोलीतलं कपाट धुंडाळायला गेल्या आणि हसत बाहेर आल्या.

"अगं, सिस्टरकडं परदेशातली आहे! नॉर्मल डिलिव्हरी. रेखा, लाव ही."

मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते.

"मॅडम, ही नको. सिस्टरना विचारून..."

"सिस्टर ऑपरेशनमध्ये आहेत. तुला काय कळतंय त्यातलं? लाव."

लावली. काय करणार होते?

सुरुवातीला नदी होती. दोन्ही काठांना झाडी, मध्ये एक होडी. चौगुलेकाकू पुढच्याच खुर्चीत होत्या. सिस्टरच्या शेजारच्या, दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अगं, वाडीच्या संगमागत दिसतंय," आणि त्यांनी सवयीनं हात जोडले. ते हात जोडलेलेच राहिले. कारण पांढरा झगा आला.

"आत्ता गं बया!"

"डिलिव्हरी कुठाय?"

"त्याच्या आधीचं दाखवायल्यात वाटतं."

एका सुनेनं सासूच्या डोळ्यांवर पदर धरला. सासूनं तो बाजूला केला. नगरसेविकाबाई कार्यक्रमाला आल्यासारख्या गंभीर होऊन बघत राहिल्या. मॅडम रिमोट दाबत होत्या, तो चालेना. मग त्यांनी भिंतीतली पिन उपसली. ती पंख्याची निघाली. पंखा बंद झाला, पोरगी नदीत चालूच. दुसरी पिन उपसली तेव्हा अंधारात फक्त बांगड्यांचा आवाज राहिला.

"रेखा!" मॅडमचा आवाज चिरकला. "हे काय आणून लावलंस तू?"

सगळ्या खुर्च्या माझ्याकडं वळल्या. मला समोर बायका दिसत नव्हत्या, कोल्हापूरचा एसटी स्टँड दिसत होता, आणि तिथं पिशवी घेऊन बसलेली मी.

"तिच्यावर कशाला वरडताय? माझी हाय ती कॅसेट." ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. मास्क गळ्यात, हातमोजे अजून हातात.

"तुमची? म्हणजे तुम्हाला माहीत होतं आत काय आहे ते?"

सिस्टर "नाही" म्हणू शकल्या असत्या. "कुणीतरी फसवून दिली" म्हणू शकल्या असत्या. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण मग माझ्याकडं बोट गेलं असतं, हे त्यांना कळत होतं.

"माहीत हाय की. माझ्याकडं पेटीभर हाईत. मी बघतो. ह्या पोरीला त्यातलं कायबी ठाऊक न्हाई. टीव्ही चालू कर म्हटलासा, तिनं केला."

"तुम्ही... असलं बघता?"

"व्हय. आता जरा वाट द्या, आत पेशंटचं टाकं ऱ्हायल्यात."

आणि आत जाऊन त्यांनी टाक्यांना मदत केली, पेशंट वॉर्डात आणून सोडला, साडी बदलली आणि संध्याकाळी नोकरी गमावून घरी आल्या.

मला वाटलं आता मला खोली सोड म्हणतील. झालं उलटंच.

"तू उद्या सातला कामावर जायाचं."

"सिस्टर, तुमची नोकरी गेली आणि मी..."

"माझ्याकडं सुई हाय, हात हाईत. घरोघर जाऊन इंजेक्शनं दीन. तुझ्याकडं काय हाय, सातवी? माझ्या घरात ऱ्हायाची लाज वाटाय लागली तर खोली सोड. काम सोडलंस तर तंगडी मोडीन आणि प्लास्टरबी मीच घालीन."

पुढचे दोन-तीन महिने वाईट गेले. इंजेक्शनला कुणी बोलवेना. "गल्फात काय धंदे करत होती कुणास ठाऊक," हे नळावर मोठ्यानं बोललं जायचं. सिस्टर त्याच नळावर बादली भरायच्या. घरी आल्यावर बादली ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा, एवढंच.

मग एके दुपारी चौगुलेकाकू आल्या. दार लोटून घेतलं. दंड पुढं केला.

"जरा बीपी बघा हो."

सिस्टरनी पट्टा गुंडाळला. काकू इकडं तिकडं बघत म्हणाल्या, "सिस्टर, त्या पोरीचं पुढं काय झालं हो?"

"कुठल्या?"

"ती हो. नदीतली. मॅडमनी मध्येच बंद केलं न्हवं. जिवाला घोर लागून ऱ्हायलाय माझ्या."

सिस्टरनी सांगितलं. ती पोरगी गावच्या जमीनदाराकडं कामाला असते, धाकट्या बहिणीला त्याच्या तावडीतून सोडवायला स्वतः शहरात जाते, वगैरे. काकू डोळे पुसत गेल्या. दुसऱ्या दिवशी ती सासू आली, गुडघा दुखतो म्हणून. त्यानंतर सून आली. सासूला सांगू नका म्हणाली. आठवड्याभरात त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांचं बीपी तपासून झालं. नगरसेविकाबाईंनी नोकराला पाठवून घरीच बोलावून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली ती अशी.

वर्षं गेली. कॅसेटी जाऊन तबकड्या आल्या. सिस्टरचा मुरगूडचा भाचा गल्फात लागला, तो सुट्टीला येताना तिथल्या फिलिपिनो दुकानातून सिस्टरसाठी आणायचा आणि आत्याच्या हातात देताना जमिनीकडं बघायचा. मध्ये एक काळ असा आला की पिक्चरांची नावं सगळी फळांची, भाज्यांची आणि जेवणाची. "मंडई झाली नुसती," सिस्टर म्हणायच्या. मग तिकडं मोठमोठे मॉल झाले आणि मॉलवाल्यांनी फक्त मोठ्यांसाठीचे पिक्चर आपल्या थेटरात घ्यायचे नाहीत असं ठरवलं. मला वाटलं, संपलं एकदाचं! पण नवी पोरं छोटे कॅमेरे घेऊन निघाली. तेच विषय, तशीच उघडी अंगं, पण आता ते परदेशातल्या महोत्सवात जाऊन बक्षिसं आणायला लागले. ज्याला दाराच्या फटीत टॉवेल लावावा लागायचा ते आता सूटबूट घालून लोक बघतात, हे ऐकून मी पुन्हा एकदा हादरले. एवढ्या वर्षांत माझं हादरणं काही संपलं नाही.

तसला एक बक्षीसवाला पिक्चर भाच्यानं आणला. सिस्टरनी नवी साडी नेसली, मला सुट्टी घ्यायला लावली. पिक्चर सुरू झाला. एक बाई खिडकीत उभी. उभीच. बाहेर पत्र्याची घरं, कुत्रं भुंकतंय. ती भात शिजवते. खाते. पुन्हा खिडकीत. एक माणूस येतो, जे व्हायचं ते होतं, जातो. कुणी कुणाशी बोलत नाही. मला कंटाळा आला होता, पण सिस्टर पुढं पुढं सरकत टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या होत्या.

"बोल की गं!" त्या एकदम ओरडल्या. "एक शब्द तर बोल!"

ती बाई बोलली नाही. पिक्चर संपला. मी पहिल्यांदा सिस्टरच्या डोळ्यांत पाणी बघितलं.

"सिस्टर, काय झालं?"

"चौदा वर्सं लुझी माझ्या कानाशी बडबडत हुती गं. उठल्यापासनं झोपस्तवर. तिच्याशी भांडलो त्या भाषेत, हसलो त्या भाषेत. आई गेली तवा रडलोबी त्याच भाषेत. मग ती दुसऱ्या देशात गेली, मी इकडं आलो. चार-दोन पत्रं आली, थांबली. आता ह्या कोल्हापुरात ती भाषा बोलणारं कोण हाय? हे पिक्चरच. आणि आता हे बी मुके झाले."

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. पिक्चरमध्ये "तसला" प्रसंग आला की सिस्टर हमखास उठून चहा ठेवायला जायच्या. मी समजत होते, कितीही धीट असली तरी बाईमाणूस आहे, लाज वाटत असेल. लाजबीज काही नव्हती. त्या वेळी पडद्यावर कुणी बोलत नसायचं, म्हणून त्यांचं तिथं काही काम नसायचं.

मलाही कोल्हापुरात माझ्याकडच्यासारखं बोलणारं कुणी भेटलेलं नाही.

सिस्टर अजून इंजेक्शनं देत हिंडतात. त्या बाहेर पडल्या की मी दार लावून घेते आणि जुन्या पिक्चरांच्या तबकड्या लावते, ते भरपूर बोलणारे, ओले. पडद्यावरच्या बाया म्हणतात ते मागं मागं म्हणते. सिस्टरनी इतकी वर्षं अर्थ सांगितलेले, त्यातले बरेच लक्षात आहेत. सध्या मला पाणी मागता येतं, थंडी वाजते म्हणता येतं आणि दोन शिव्या येतात. चौगुलेकाकूंनी परवा भिंतीपलीकडून ऐकलं आणि मला वेड लागलं की काय म्हणून बघायला आल्या.

लागू दे. या बाईनं माझ्यासाठी भरल्या हॉलात आपलं नाव घालवलं. त्याची परतफेड मी दुसऱ्या कशानं करणार? अजून वर्ष लागेल, दोन लागतील. पण एक दिवस सिस्टर दमून घरी येतील, चप्पल काढतील, आणि मी त्यांच्याशी लुझीच्या भाषेत कडाकडा भांडायला उभी राहीन.